कल्हई केलेला इलेक्ट्रोड: पाण्यातलं शिसं हुडकणारी कांडी

मागच्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतल्या काकींचा सकाळी सकाळी फोन आला. "लगेच ये. आपण काय पितोय ते एकदा डोळ्यानं बघ." गेलो तर ओट्यावर दोन ग्लास मांडलेले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनमधून गाळलेलं. पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आलेल्या माणसानं दोन्ही ग्लासांत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवून बटण दाबलं होतं. मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-तपकिरी झालं, वर गढूळ साका तरंगू लागला. मशीनचं पाणी नितळच राहिलं. काकींचा चेहरा उतरला होता.

मी चिमूटभर मीठ मागितलं, नितळ ग्लासात टाकून ढवळलं आणि त्या माणसाला म्हटलं, "आता पुन्हा लावा." थोड्याच वेळात तेही पाणी गढूळलं.

तो तांबडा रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हताच, कांडीचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी कांडी विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. मशीन क्षार काढून टाकतं, म्हणून त्या पाण्यातून वीज फारशी जात नाही आणि कांडी शाबूत राहते. मीठ घातल्यावर वाट मोकळी झाली. (हे यंत्र घरच्या विजेवर चालतं. कुणी हौसेनं करून बघू नये.)

काकींचा जीव भांड्यात पडला, पण लगेच त्यांनी विचारलं, "मग पाण्यात खरंच काय हाय, ते कळायचं कसं? पेपरात पंचगंगेचं येतंय ते काय खोटं असतंय?"

खोटं नसतं. नदीत मेलेले मासे दिसल्याची बातमी येते आणि तिच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, 'पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.' अहवाल येईपर्यंत ते पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं. नमुना घेतला तिथंच, त्याच वेळी पाणी तपासता आलं तर? या प्रश्नाच्या एका चांगल्या उत्तरातही पाण्यात कांडी बुडवून वीज सोडायची असते. मात्र ही कांडी विचारपूर्वक बनवलेली असते. ती कशी असते आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे काकींना समजावलं तसंच इथं मांडतो.

टीडीएस मीटर का पुरत नाही?

पेनसारखं टीडीएस मीटर आता घराघरात आलं आहे. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून ते विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतं. समजा, आकडा २०० आला, म्हणजे लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम. त्यात मीठ, चुना, मॅग्नेशियम सगळं आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. एकूण क्षारांचा वीस हजारावा भाग.

दहा टन ऊस भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर उभी करून, त्यात तोडणीवाल्याचा अर्धा किलोचा कोयता राहिलाय का हे वजनावरून ओळखायला सांगावं, तसं हे काम आहे. काटा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

शिशाची ती मर्यादा डोळ्यांपुढं आणायची तर गावातली एक लाख लिटरची उंच टाकी आठवा. त्या अख्ख्या टाकीत एक ग्रॅम शिसं. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची मर्यादा त्याहून कडक, टाकीत ०.३ ग्रॅम. गुजरीतल्या सोनारांच्या जुन्या मापात सांगायचं तर जेमतेम अडीच गुंजा.

वीज सोडून पदार्थ कसा ओळखतात?

द्रवात बुडवलेल्या ज्या वाहक कांडीवर इलेक्ट्रॉनची देवघेव होते, ती म्हणजे इलेक्ट्रोड. आपण कांडीवरचं व्होल्टेज हळूहळू बदलतो आणि करंट किती वाहतो ते मोजतो.

मार्केट यार्डातले गुळाचे सौदे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे पटकन कळेल. बोली चढत जाते. प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात एक भाव असतो आणि बोली तिथं पोचली की तो माल सोडतो. पदार्थांचंही तसंच आहे. इलेक्ट्रॉन सोडायचा किंवा घ्यायचा प्रत्येकाचा भाव ठरलेला. कोणत्या व्होल्टेजला करंट उसळला यावरून पदार्थ कोणता ते कळतं, किती उसळला यावरून तो किती आहे ते कळतं. भाव मोजायला एक पक्कं शून्य लागतं, म्हणून शेजारी न बदलणारी दुसरी संदर्भ-कांडी ठेवतात. करंटला वाट पूर्ण करून द्यायला तिसरी असते.

प्रागच्या यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये ही पद्धत बसवली आणि १९५९ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. त्यांची कांडी म्हणजे बारीक नळीतून टपटपणारे पाऱ्याचे थेंब. प्रत्येक थेंबाचा पृष्ठभाग कोरा करकरीत, आधीच्या मोजणीचा डाग त्यावर नाही. मोजायला पाऱ्यासारखं दुसरं काही नव्हतं. पण पारा विषारी, आणि पाण्यातलं विष शोधायला नदीकाठी पारा घेऊन जाणं कुणाच्याच मनाला पटणारं नाही.

साध्या कांडीचं कुठं अडतं?

पारा नको तर कार्बन, सोनं किंवा प्लॅटिनमची कांडी घ्यावी. ती घेतली की तीन अडचणी समोर येतात.

पहिली म्हणजे अनेकांचा भाव जवळजवळ सारखाच निघतो. मेंदूतलं डोपामिन, क जीवनसत्त्व आणि युरिक ॲसिड साध्या कार्बनवर इतक्या जवळच्या व्होल्टेजला उसळतात की तिघांचा एकच उंचवटा दिसतो. दुसरी, काही पदार्थ फार सुस्त असतात. भाव मिळाला तरी जागचे हलत नाहीत, बोली आणखी चढवावी लागते आणि तोवर भलतेच पदार्थ मधे घुसतात. तिसरी अडचण मला सगळ्यांत खोल वाटते. कांडी माखते. रक्तातली प्रथिनं, साबणाचा अंश, कुजलेल्या पाल्याचा अर्क, कापडाचा रंग, सगळं तिला चिकटतं. पहिली मोजणी ठीक येते, पाचवीपर्यंत कांडी आंधळी झालेली असते.

इथं कल्हई आठवा

लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता फुंकून पितळेचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा आणि काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं चमकायचं. पातेलं तेच, वजन तेच, जाडीही जवळपास तीच. बदललेला असायचा तो फक्त कागदाहून पातळ असा आतला थर. पण कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकायचं आणि कल्हईच्या पातेल्यात टिकायचं, ते त्या थरामुळंच.

इलेक्ट्रोडवरची सगळी घडामोड अशीच अगदी वरच्या थरात होते. मग तोच थर आपल्याला हवा तसा बनवला तर? असा मुद्दाम लेप दिलेल्या कांडीला रासायनिकरीत्या सुधारित इलेक्ट्रोड म्हणतात. मी पुढं नुसतं 'लेपाचा इलेक्ट्रोड' म्हणेन. हे नाव रूढ झालं अमेरिकेत रॉइस मरे यांच्या गटाच्या १९७५ मधल्या कामातून. त्यांनी ज्या कांडीवर रेणू चिकटवले ती होती टिन ऑक्साइडची, म्हणजे कथलाच्याच ऑक्साइडची. आपल्याकडं कथील वर चढतं, तिथं ते खाली होतं. मला हा योगायोग फार आवडतो.

कल्हई फक्त अडवण्याचं काम करते, इलेक्ट्रोडचा लेप मात्र निवडही करतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, सुस्त पदार्थाला कसं हलवायचं, पातळ द्रावणातून हवा तो पदार्थ कसा गोळा करायचा, हे सारं लेप कसला यावर ठरतं. नॅफिऑन नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पडदा दिला तर त्याच्यावरचा ऋणभार क जीवनसत्त्वाला आणि युरिक ॲसिडला लांब ढकलतो. डोपामिनवर धनभार असतो, त्याला मात्र आत येऊ देतो.

लेप द्यायच्या रीती अनेक आहेत आणि काही अगदी घरगुती वाटाव्यात अशा. ग्राफाइटची पूड आणि खनिज तेल खलात घोटून लगदा करायचा, ही कार्बन पेस्ट १९५८ मध्ये राल्फ ॲडम्स यांनी आणली. तो घोटतानाच हवा तो पदार्थ त्यात मिसळता येतो. किंवा तयार कांडीवर लेपाच्या द्रावणाचा बारीक थेंब ठेवून वाळवायचा. किंवा विजेनं धातूचा पातळ थर चढवायचा, म्हणजे सरळ गिलीट करायचं. हुपरीच्या चांदी कारागिराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सोन्याची कांडी असेल तर गंधकाचं टोक असलेले रेणू तिला धरून स्वतःच रांगेत उभे राहतात आणि एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो.

असा इलेक्ट्रोड तुमच्या घरात असेलही

काकींना मधुमेह आहे. त्यांच्या कपाटातून मी साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी काढली आणि म्हटलं, हाच लेपाचा इलेक्ट्रोड.

प्लास्टिकच्या पट्टीवर वाहक थर असतो, पुष्कळ पट्ट्यांत तो कार्बनच्या शाईनं छापलेला. इचलकरंजीत कापडावर किंवा लग्नपत्रिकेवर जाळीतून रंग छापतात ना, तीच रीत. त्यावर लेप असतो दोन गोष्टींचा. एक एन्झाइम, जे रक्तातल्या असंख्य पदार्थांतून नेमका ग्लुकोज पकडून त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. दुसरा निरोप्या, कारण एन्झाइमचं कामाचं ठिकाण त्याच्या पोटात खोल असतं, तिथून कांडीपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवायला कुणीतरी लागतं. निरोप्या ते घेतो, कांडीवर सोडतो, मीटर करंट मोजतं आणि त्याचा आकडा करून दाखवतं. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड जोडायची कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी. निरोप्या वापरणारं पेनाच्या आकाराचं मीटर बाजारात आलं १९८७ मध्ये.

लेप कळला की मीटरबरोबर येणाऱ्या सूचनाही कळतात. डबीचं झाकण लगेच लावा असं का सांगतात? कोल्हापूरच्या जुलैतली ओल त्या लेपात शिरते आणि तो बिघडतो. हात धुऊन पुसा असं का? गूळ फोडलेल्या बोटाला गुळातला थोडा ग्लुकोज लागलेला असतो आणि लेपाला तो रक्तातला की बोटावरचा हे कळत नाही. काकींना एकदा २९० आकडा आला होता. संकष्टीला मोदकांचा गूळ चिरून तशाच उठल्या होत्या. हात धुऊन पुन्हा बघितलं तर १६८.

आणि बरोबर वापरूनही थोडा फरक राहतोच. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखर असेल तर १०० पैकी ९५ वेळा आकडा खऱ्याच्या १५ टक्के अलीकडं-पलीकडं चालतो. खरी साखर २०० असेल तर १७० ही बसते आणि २३० ही बसते. दोन वाचनांत दहा-वीसचा फरक पडला म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता शिसं

लाख लिटरात एक ग्रॅम म्हणजे इतकं विरळ की त्याचा थेट करंट हाती लागत नाही. म्हणून आधी गोळा करायचं, मग मोजायचं.

जोतिबाची चैत्र यात्रा डोळ्यांपुढं आणा. डोंगरावर सगळे गुलालात न्हालेले. कोण कुठल्या गावचा हे गर्दीत उभं राहून सांगता येत नाही. पण समजा, उतरताना एकेक गाव आपापली सासनकाठी घेऊन ठरल्या वेळी निघालं आणि तुम्ही पायथ्याशी उभे असाल, तर प्रत्येक गावची माणसं मोजता येतील.

इलेक्ट्रोडवर हेच करतात. कांडीवर सुमारे उणे १.२ व्होल्ट ठेवून पाणी दोन-एक मिनिटं ढवळायचं. शिसं, कॅडमियम असे धातू इलेक्ट्रॉन घेऊन कांडीवर बसत जातात. मग ढवळणं थांबवून व्होल्टेज वर आणायचं. उणे ०.८ च्या आसपास कॅडमियम उतरतं, उणे ०.५५ च्या आसपास शिसं. प्रत्येकाचा उंचवटा वेगळा उठतो. मिनिटांत जमवलेलं क्षणात उतरतं, म्हणून करंट मोठा दिसतो.

हे धातू नीट बसावेत म्हणून पूर्वी पाऱ्याचाच थर देत. जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याजागी बिस्मथचा थर देऊन दाखवला. बिस्मथ पाऱ्यासारखाच शिसं-कॅडमियमला आपल्यात मिसळून घेतो, आणि त्याची संयुगं पोटाच्या औषधातही वापरतात, इतका तो निरुपद्रवी. गंमत म्हणजे थर वेगळा चढवावाही लागत नाही. तपासायच्या पाण्यातच बिस्मथचं थोडं मीठ टाकलं की शिशाबरोबर तोही कांडीवर बसतो. तांब्याशी मात्र त्याचं पटत नाही. तांबं उतरतं त्याच्या जवळपासच बिस्मथ स्वतः उतरू लागतो, त्यामुळं तांब्यासाठी दुसरा लेप शोधावा लागतो. एक लेप सगळ्यांना चालत नाही, हे या शाखेत काम करताना पदोपदी जाणवतं.

मग पंचगंगेच्या घाटावर असं यंत्र का नाही?

हा प्रश्न मला विद्यार्थीही विचारायचे, आणि तो अगदी रास्त आहे. पट्टी छापता येते, मीटर हातात मावतं, मग अडतंय कुठं?

अडतं नदीच्या पाण्यात. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून शिसं मिसळलं आणि ते मोजून दाखवलं, इथवर बरंच संशोधन पोचतं. पण प्रयाग चिखलीच्या संगमापासून इचलकरंजीच्या खालपर्यंत पाणी दर मैलाला बदलतं. पावसाळ्यात गाळ, उन्हाळ्यात सांडपाणी, साबण, रंग. हे सारं लेपाला चिकटतं. नॅफिऑनसारखा पडदा बराच मळ अडवतो, पण सगळा नाही. शिवाय हातानं केलेले दोन लेप हुबेहूब सारखे होत नाहीत. कल्हईसुद्धा दोन कारागिरांची सारखी नसते. रक्ताचं बरं आहे, माणसागणिक ते फार बदलत नाही, आणि साखर असते डेसिलिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या घरात. शिसं त्याचा लाखावा हिस्सा.

तरी एक जुनी, साधी युक्ती खूप कामाला येते. अनोळखी काट्याचा भरवसा नसेल तर आपण त्यावर ठाऊक असलेलं वजन ठेवून काटा किती हलतो ते बघतो. तसंच त्याच पाण्यात मोजून शिसं घालायचं. समजा, आधी करंट आला ४. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसं वाढवल्यावर झाला ६. म्हणजे या पाण्यात, या कांडीवर, ५ मायक्रोग्रॅमला २ नं वाढ. मग मुळात ४ होता त्याअर्थी शिसं १० मायक्रोग्रॅम, बरोबर मर्यादेवर. कांडी थोडी माखलेली असली तरी दोन्ही मोजण्या तिनंच केल्या असल्यानं हिशेब सावरतो. जो कुणी असं यंत्र विकायला येईल त्याला मी पहिलं हेच विचारीन, ठाऊक असलेलं शिसं घालून आमच्या पाण्यात दाखवा.

म्हणजे मोठ्या प्रयोगशाळा नकोत का?

हव्यातच. इलेक्ट्रोडला दिसतो मोकळा धातू. गाळाला किंवा सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून बसलेलं शिसं त्याला दिसत नाही. त्यासाठी नमुना आम्लात उकळून सगळं मोकळं करावं लागतं. शेवटचा शब्द, विशेषतः कुणावर कारवाई करायची असेल तेव्हा, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उपकरणाचाच असायला हवा. काठावरच्या इलेक्ट्रोडनं सांगायचं ते हे की आज, इथं, काहीतरी वेगळं आहे, नमुना आत्ताच भरून घ्या. मासे मेल्यावर तीन दिवसांनी भरलेल्या बाटलीपेक्षा त्या क्षणी भरलेली बाटली कितीतरी जास्त बोलते.

आणि काही बाबतींत इलेक्ट्रोड मोठ्या उपकरणाच्याही पुढं असतो. क्रोमियमची दोन रूपं पाण्यात सापडतात. एक फारसं त्रासदायक नाही, दुसरं कर्करोगाला कारण होणारं. ज्वाळेत जाळून मोजणारं उपकरण दोघांची बेरीज सांगतं. योग्य लेपाचा इलेक्ट्रोड त्यातलं घातक रूप वेगळं मोजू शकतो, कारण दोघांचा इलेक्ट्रॉनचा भाव वेगळा आहे.

दूध आणि गूळ

आपल्या भागात हे तंत्र पाण्याआधी कदाचित अन्नात उपयोगी पडेल. दूध टिकावं म्हणून कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतं. प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा लेप दिला की पेरॉक्साइड शून्याच्या आसपासच्या व्होल्टेजलाच उसळतं, आणि तिथं दुधातले बाकीचे पदार्थ सहसा मधे येत नाहीत. गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चीक घालायची रीत जुनी. त्याजागी पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रोस नावाचं गंधकयुक्त रसायन घातलं की गंधकाचा अंश मागं राहतो. त्यासाठीही लेपाचे इलेक्ट्रोड अभ्यासले गेले आहेत. सौद्याच्या ठिकाणी ढेपेचा तुकडा पाण्यात विरघळवून मिनिटभरात आकडा मिळाला, तर भेंडीवाल्या गुळाला त्याचा रास्त भाव मागता येईल. मला हे व्हावंसं फार वाटतं.

आत्ता काय करता येईल?

काकींच्या नळाचं पाणी आम्ही शेवटी प्रयोगशाळेत दिलं. आठवड्यानं अहवाल आला. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, सगळं मर्यादेत. तळाशी 'पिण्यास योग्य' असं लिहिलेलं. मी समाधानानं कागद घडी घालायला लागलो, तेवढ्यात काकींनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शिसं कुठं लिहिलंय ह्यात?"

लिहिलेलं नव्हतंच. जड धातूंची तपासणी नाव घेऊन, वेगळी मागावी लागते आणि मी ती मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बाटली भरायला घेतली. या वेळी अर्जावर शिसं आणि कॅडमियम ही दोन नावं काकींनी स्वतःच्या हातानं लिहिली.